गिझर आणि माझं कोरियन

मला कोरियन येतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. बिघडलेल्या वस्तूंबद्दल मला कोरियनमध्ये थोडंफार बोलता येतं, एवढंच खरं.

त्याचं असं झालं. मुलगा कोरियात नोकरीला लागला तेव्हा मी काही महिने त्याच्याकडे राहायला जायचं ठरलं होतं. तो दिवसभर कामावर, घरात मी एकटी. "आई, बाकी काही नाही आलं तरी चालेल," तो म्हणाला, "पण वॉशिंग मशीन किंवा गरम पाण्याचा बॉयलर बंद पडला आणि दुरुस्तीवाला दारात आला, तर त्याच्याशी बोलता आलं पाहिजे." मग त्याने स्वतःच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड करून पाठवली. गोजांग नास्सॉयो, म्हणजे बिघडलंय. मुरी सॅयो, पाणी गळतंय. दुरुस्तीवाला काय विचारेल तेही त्यात होतं. ऑदिगा गोजांग नास्सॉयो, कुठे बिघडलंय? ऑन्जेबुथॉयो, कधीपासून? जळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात भरताची वांगी भाजता भाजता मी ती घोकत असे. हे हसायचे, पण मिक्सर अडला की स्वतःच "गोजांग" म्हणायचे.

पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि जाणं राहिलं ते राहिलंच. मुलाने तिकडे लग्न केलं आणि यंदाच्या जानेवारीत बायकोला घेऊन तोच घरी आला.

सून बारीक चणीची, हसरी. आल्या आल्या वाकून नमस्कार केला आणि मला ऑमॉनिम म्हणाली. सासूला तिकडे असं म्हणतात. पण त्यापुढे आमचं बोलणं सरकेना. मुलगा जवळ असला तर तो सांगायचा. तो नसला की दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायचो. फोनमधलं भाषांतरही करून पाहिलं. मी म्हटलं, "पोटभर जेव." त्या फोनने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती स्वतःच्या पोटावर हात ठेवून काळजीने माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून मी त्या वाटेला गेले नाही.

एकदोन दिवसांनी ती कोमेजल्यासारखी दिसू लागली. आंघोळ करून कुडकुडत यायची, ओठ निळे पडलेले. मग शाल गुंडाळून गच्चीवर उन्हात बसायची, दुपारपर्यंत. जेवण चिमणीएवढं. मी मुलाला विचारलं, तर म्हणाला, "ती म्हणते सगळं छान आहे."

सगळं छान आहे असं म्हणणारी बाई कशी दिसते ते मला ठाऊक आहे. मीही सासरी आले होते. हिला आपलं घर आवडलं नाही, आता ही पुन्हा यायची नाही आणि मुलगाही हळूहळू यायचा थांबेल, असं माझ्या मनाने घेतलं. ह्यांना बोलून दाखवलं नाही, पण भाजीत मीठ पडलं की नाही याचंही भान मला राहीना.

मग एक दिवस मुलगा कॉलेजातले जुने कागद आणायला धुळ्याला गेला. हे असोद्याला शेतावर. घरात आम्ही दोघीच. ती आंघोळीला गेली आणि मी भाकरीचं पीठ मळत होते. आतून प्लास्टिकचा मग पडल्याचा आवाज आला आणि बारीकशी किंकाळी.

मी तशीच पिठाच्या हातांनी धावले. दार उघडून ती बाहेर आली. अंगावर गाऊन, पायात रबरी स्लीपर. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं, डोळ्यांत पाणी. काय झालं, हे विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते. जे होते तेच तोंडातून बाहेर पडले.

"ऑदिगा गोजांग नास्सॉयो?"

ती बघतच राहिली. मग रडता रडता हसली आणि एकदम भडाभडा बोलू लागली. इतक्या दिवसांत ती एवढं बोलली नव्हती. मला त्यातलं काही कळेना. तिने ते ओळखलं, न्हाणीघराकडे बोट दाखवलं, नळ धरल्यासारखं केलं आणि हात झटकन मागे घेतला. मग म्हणाली, "चॉन्गी."

चॉन्गी म्हणजे वीज. हा शब्द माझ्या वाक्यांत होता.

मी आधी मेन स्विच बंद केला. मग तिला पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ऑन्जेबुथॉयो?"

तिने एक बोट वर केलं आणि बॅग ओढत घरात शिरल्याचा अभिनय केला. पहिल्या दिवसापासून. आम्ही दोघं आणि मुलगाही पहिल्यापासून मागच्या न्हाणीत बंबाच्या पाण्यानेच आंघोळ करतो, त्यामुळे हा नवा गिझर तिच्याशिवाय कोणी वापरलाच नव्हता. तिच्या खुणांवरून मी जुळवलं: पहिल्या दिवशी शॉक बसल्यावर ही पोर बटण बंद ठेवून जानेवारीत गार पाण्याने आंघोळ करत होती. सासरी तक्रार कशी करायची, म्हणून गप्प. आज थंडी सहन होईना, म्हणून पुन्हा बटण लावून पाहिलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी वायरमन राहतो, धुळ्याकडचा, अर्धी अहिराणी बोलणारा. त्याला बोलावलं. मेन स्विच पुन्हा लावून त्याने टेस्टर टेकवला आणि मान हलवली. "काकू, नळमा करंट शे. आतली कॉईल गेली आहे आणि अर्थिंगची वायर तुटली आहे. हिच्या पायात रबरी चपला होत्या ते बरं झालं." जुनी कॉईल काढून त्याने नवी बसवली, वायर जोडली, पुन्हा टेस्टर लावून आम्हा दोघींनाही दाखवला. "आते काही भ्याव नही. बठ्ठं बरोबर शे." भिण्यासारखं काही नाही, सगळं ठीक आहे म्हणे.

मी नळाला आधी स्वतः हात लावला. मग तिने लावला. मग तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ती आंघोळीला गेली ती बाहेरच येईना. दाराच्या फटीतून वाफ येत होती आणि आत ती काहीतरी गुणगुणत होती. मी राहिलेलं पीठ मळायला घेतलं. तिचं बिनसलं होतं ते गिझरशी, आमच्याशी नाही. दुपारी तिने ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं आणि आपणहून पुन्हा ताट पुढे केलं.

संध्याकाळी धुळ्याच्या स्टँडवरून मुलाचा तिला फोन आला. तिने त्याला सगळं सांगितलं असणार, कारण माझ्याकडे फोन आला तेव्हा तो आधी घाबरलेला होता आणि मग हसायला लागला.

"आई, माणसाला असं विचारत नाहीत. कुठे बिघडलंय म्हणे."

"मग काय विचारतात?"

त्याने एक वाक्य सांगितलं. मागे बसचा आवाज होता, मला अर्धंच ऐकू आलं. "आल्यावर सावकाश शिकव," मी म्हटलं. "आणि स्वेटर घाल, खिडकीशी बसू नकोस."