पहिल्या तिराची दोरी

तिरकामठ्याच्या दोरीतलं मला कळतं. हे मी स्वतःच सांगते, कारण आमच्या कुडवा गावात दुसरं कोणी सांगणार नाही. तिथे लोक मला शाळेत पोरांना पळवणारी खेळाची बाई म्हणूनच ओळखतात. पण माझं आजोळ सालेकसाकडे, जंगलाच्या कडेला, आणि धनुष्य ओढायला मला मामांनी शिकवलं. नायलॉनची दोरी कोणी दाखवली की मी तोंडावर सांगते, ही कपडे वाळत घालायला ने. सकाळी ताठ असते, दुपारच्या उन्हात लांबते, आणि नेम मारणारा बसतो स्वतःच्या हाताला दोष देत.

खऱ्या दोऱ्या दोनच. एक बांबूची. बांबूची वरची साल चिरून, तासून केलेली चपटी पट्टी. ती तसूभरही ताणली जात नाही, म्हणून तीर लांब जातो. पण एकदा कापली तेवढीच, तिच्यात कमीजास्त करता येत नाही. दुसरी अंबाडीच्या वाखाची, पिळलेली. पीळ वाढवला की आखडते आणि धनुष्य ताठ होतं. पीळ उतरवला की सैल पडते, ओढायला हलकी जाते. मामा जन्मभर बांबूवाले. अंबाडीला ते ‘लेकराईची दोरी’, म्हणजे पोरासोरांची, म्हणायचे.

मामांच्या गावात धानाची कापणी झाली की नेमाची शर्यत असते. काठीला शेणाची गोवरी टांगतात. पहिला तीर गावातल्या सगळ्यात वयस्क तिरंदाजाचा. तो सुटल्याशिवाय बाकीच्यांनी धनुष्याला हात लावायचा नाही. काही वर्षांपासून तो मान मामांकडे होता. गेल्या पावसाळ्यात ते बांधावरून घसरले आणि उजवा खांदा दुखावला. तेव्हाच त्यांनी घरात जाहीर करून टाकलं, “ज्या दिवशी दोरी छातीपर्यंत नाही आली, त्या दिवशी कामठा दुसऱ्याले देऊन टाकीन.”

दिवाळीच्या सुट्टीत मी शर्यतीच्या आठ दिवस आधीच आजोळी गेले. मामा अंगणात बांबूची दोरी ओढत होते. ती मध्येच थांबत होती आणि त्यांचा जबडा थरथरत होता. मला बघवेना. म्हटलं, “मामा, या वर्षी अंबाडीची लावा. तुमची पट्टी वाळून राहिली, तुटून जाईन.” पट्टी ठणठणीत होती.

कधी नव्हे ते मामांनी लगेच ऐकलं. मग रोज सकाळी ते आंघोळीला गेले की मी दोरीचे दोन-तीन पीळ उतरवायची. दोरी रोज थोडी पुढे यायला लागली आणि सातव्या दिवशी छातीला टेकली. मामी म्हणाली, “बुढा जवान होऊन राहिला!” मी गालातल्या गालात हसले. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

शर्यतीच्या दिवशी सगळ्या गावासमोर मामांनी दोरी छातीपर्यंत ओढली. तीर सुटला आणि गोवरीच्या दहा पावलं अलीकडे जमिनीत शिरला. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. सैल दोरी ओढायला सोपी, पण तीर पोचवत नाही. एवढी साधी गोष्ट मामांनी मला लहानपणीच शिकवली होती.

मामांनी दोरीवरून अंगठा फिरवला. “काऊन ढिली केली?”

“तुमच्या खांद्यासाठी,” मी म्हटलं.

“मले विचारलं होतं का?”

लाज वाटली, सगळ्यांसमोर. मामांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली बांबूची पट्टी काढली. म्हणजे त्यांचाही माझ्यावर पुरता भरवसा नव्हताच. आम्ही दोघांनी मिळून ती धनुष्याला चढवली. मग मामांनी ओढायला घेतली. अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढे आली, आणि थांबली. मामांनी ती तिथेच क्षणभर धरून ठेवली, मग हळूच सोडत परत नेली.

“एवढीच येते,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आता खरं झालं. घे, तू मार.”

मानाचा तीर बाईनं मारायचा का, यावर मागे कुजबुज सुरू झाली. मामांनी वळून बघितलं तशी ती बंद पडली. मी त्यांचं धनुष्य आजवर कधी ओढलं नव्हतं. माझं वेगळं होतं, हलकं. पाय रोवले आणि दोरी ओढली. रोज पोरांसोबत पळणारी मी, पण अर्ध्यावरच माझे खांदे भरून आले. दात दाबून पुढे आणली, आणि छातीच्या अलीकडेच जिथे हात थांबला तिथूनच तीर सोडला.

गोवरी फुटली. लोक ओरडले. मामा शेजारीच उभे होते आणि आम्हा दोघांनाही दिसलं होतं की दुखऱ्या खांद्यानं त्यांनी दोरी जिथवर आणली, तिथून पुढे मी ती जेमतेम चार बोटं आणली होती.