अकोल्याच्या रेकॉर्ड रूममधली परीक्षा

सकाळी सातला अमरावतीहून शेअर ऑटोने बडनेऱ्याला निघाले, तेव्हा मांडीवर कोडचं जाडजूड पुस्तक होतं. अकोल्याच्या एका खासगी रुग्णालयात नोकरीसाठी मेडिकल कोडिंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पेशंटची फाइल वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड द्यायचा, असं हे काम. पंधरा वर्षं मी वॉर्डात नर्स होते. एका तापानंतर कान कमजोर झाले. एकदा डॉक्टरांनी सांगितलेला औषधाचा डोस अर्धवट ऐकला आणि अंदाजाने भरला. सोबतच्या सिस्टरने वेळीच पकडलं म्हणून निभावलं. महिनाभरात मी राजीनामा दिला. पुढचे सहा महिने क्लास लावून हे शिकले, ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

बडनेऱ्याला घोटाळा झालाच. गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला आणि मला घोषणा कळली नाही. शेवंतीची टोपली घेतलेल्या एका बाईने माझी बाही ओढली.

"अकोल्याले चालल्या ना? गाडी तिकडं लागली, तुमी अठी (इथे) कावून बसल्या?"

"मला कमी ऐकू येतं हो."

"मंग सांगाचं ना कोनाले! चाला माह्या मांगं."

डब्यात तिने मला खिडकी दिली. तिचं नाव शांताबाई. बडनेऱ्याजवळ तिची फुलशेती. परीक्षेचं ऐकून ती पुस्तक उलटंसुलटं करून पाहत म्हणाली, "एवढं सारं पाठ केलं?"

"पाठ नाही करायचं. शोधायचं."

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि डबा उघडला. भाकरी आणि सांबार (कोथिंबीर) घातलेला झणझणीत ठेचा. डोळ्यांत पाणी आलं, तरी मी आणखी अर्धी भाकरी घेतली. बाहेर काळ्या रानात कपाशी फुटली होती. मधल्या तुरीच्या ओळी पिवळ्याधमक.

रेकॉर्ड रूम तळमजल्यावर होती. छतापर्यंत फाइली आणि मधोमध लांब टेबल. आम्ही सहा जण, बाकीचे सगळे माझ्या मुलीच्या वयाचे. परीक्षा घेणाऱ्या मीनामॅडमनी प्रत्येकासमोर त्याच पाच फाइलींच्या प्रती ठेवल्या.

तिसऱ्या फाइलीशी मी अडले. डिस्चार्जच्या कागदावर मधुमेहाची जखम डाव्या पायाला, आणि नर्सच्या नोंदीत रोजचं ड्रेसिंग उजव्या पायाचं. डाव्याचा कोड वेगळा, उजव्याचा वेगळा. शेजारची मुलं भराभर लिहीत होती. डिस्चार्जचा कागद डॉक्टरांचा, तोच धरावा असं मलाही वाटलं. पेन टेकवलंसुद्धा. मग हात मागे घेतला आणि लिहिलं, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोड देता येणार नाही.' त्यात वेळ गेला आणि पाचवी फाइल अर्धीच राहिली.

दुपारी मॅडमनी मला बोलावलं. मी ऐकायचं यंत्र लावलेला कान पुढे केला, तशा त्या खुर्ची सरकवून समोर आल्या.

"बाकी पाचही जणांनी डावा लिहिला. तुमी कावून नाई लिहिला?"

"ड्रेसिंग करताना नर्स पाय चुकत नाही, मॅडम. पण मी तिथे नव्हते. अंदाजाने कसं लिहू?"

त्यांनी फोन उचलून संबंधित डॉक्टरांना विचारलं. बोलणं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्यांनी लाल पेनाने माझ्या कागदाखाली लिहिलं, 'उजवा'. मग सावकाश, माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "वेग येते हळूहळू. सोमवारपासून काम शिकायले या. पाचवी फाइल आधी पूर्ण करा."

परतीच्या गाडीत मी उभीच होते, तरी पाय दुखले नाहीत. त्या पेशंटला मी कधी भेटणार नाही. पण त्याची फाइल पुढे जो कोणी उघडेल, तो उजवाच पाय पाहील. वॉर्ड सुटल्यापासून आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही, असं वाटत होतं. ते त्या संध्याकाळी वाटलं नाही.

बडनेऱ्याला नवरा स्कूटर घेऊन आला होता. विचारायला तो घाबरत होता, हे चेहऱ्यावरूनच कळलं.

"थांबा जरा," मी म्हटलं, "रेल्वेचा पास कुठे काढतात, ते विचारून येते."