गणूच्या रकान्यातले सहा आठवडे

मंडळी, दुपारची गोष्ट संध्याकाळी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

माझी नात शर्वरी कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. प्रोजेक्टसाठी तिने आमचं भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं. गणपतीनंतर माझ्या होडीला आणि माझा धाकटा मुलगा गणू याच्या होडीला दर आठवड्याला किती टोपल्या बांगडा लागला, ते मी त्यावर लिहितो. माझे बारा आठवडे, गणूचे सहाच. जाळं फाटलं म्हणून मी त्याला बंदरावर चारचौघांत नको ते बोललो. तो गोव्याला ट्रॉलरवर गेला. त्यानंतर फोन नाही.

शर्वरीने 'आर' नावाच्या संगणकाच्या भाषेत दोन्ही याद्या शेजारी जोडून तक्ता केला. बघतो तर गणूचा रकाना शेवटपर्यंत भरलेला!

"गो, गणूचो फोन इलो? तुका ह्ये आकडे खंयसून गावले?" मी उठूनच उभा राहिलो.

"नाय हो आजोबा. यादी अर्धीच आसली तर आर परत पयल्यापासून भरता. काकाचे जुनेच आकडे आसत ते. चूक माझीच."

मग तिने ते सहा आकडे पुसून तिथे 'एनए' लिहिलं. म्हणजे माहीत नाही. खरं तेच आहे, पण माझ्याने बघवेना.

गोव्याच्या ट्रॉलरवर कुणी ओळखीचं असेल तर गणूला हे वाचून दाखवा. गणू, जाळ्याचं मनात ठेवू नको. तू बरा आहेस, एवढंच लवकर कळव.