पप्पांचे निकालाचे पेढे

दहावीचा निकाल लागला की लोक पास झालेल्यांच्या घरी जातात. आमचे पप्पा नापासांच्या घरी जायचे, तेही पेढे घेऊन. ऐंशी-नव्वदच्या मधली ही गोष्ट. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते टर्नर होते, लेथवर लोखंडाला आकार द्यायचे, आणि बदलापुरातल्या आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर आयटीआयला जावं असा त्यांनी ध्यासच घेतला होता. ते येताना दिसले की बायका दारं लावून घ्यायच्या. मग पप्पा खिडकीतून बोलायचे. "पदवी भिंतीवर लटकते, हात खांद्यालाच असतात," हे त्यांचं वाक्य गल्लीला पाठ झालं होतं. लहान पोरं त्यांच्या मागून चालत ते त्यांच्याच आवाजात म्हणायची.

घरी त्यांचा जुना व्हर्नियर होता, जाडी मोजायचा. त्यानं ते माझ्याकडून आईच्या चपात्या मोजून घ्यायचे आणि वर तिला सांगायचे, "कडेला जाड, मध्ये पातळ." आई म्हणायची, उद्यापासून लेथवर लाटा. मला मात्र त्या मोजण्याचं वेड लागलं. म्हणून माझा दहावीचा निकाल लागला, बरा सेकंड क्लास मिळाला, तेव्हा मी सांगून टाकलं की मला टर्नर व्हायचंय.

पप्पांच्या घशात पेढा अडकला. आधी म्हणाले, ते मुलींचं काम नाही. मग म्हणाले, मशीनमध्ये वेणी अडकते. मी म्हटलं, अंबाडा घालीन. मग म्हणाले, बी.कॉम. कर, बँकेत लागशील. आई कणीक मळता मळता म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मी जेवण सोडलं. पप्पांनीही सोडलं. मग आईनं सरळ स्वयंपाकच सोडला.

गल्लीत असलं काही लपत नाही. शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या मुलासाठी पप्पांनी त्यांचा उंबरा झिजवला होता. शेवटी वैतागून त्यांनी त्याला आयटीआयला घातलं, आणि आता तो उल्हासनगरात एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. काकूंनी तिकडचेच पेढे आणले होते. त्या ऐसपैस बसल्या आणि सुरू झाल्या.

"जयभीम भाऊ. आता ऐका. पदवी भिंतीवर लटकते..."

"वहिनी, मला ठाऊक आहे ते."

"मला पण ठाऊक होतं. तरी येऊन डोकं खायचातच ना? चहात साखर टाकायची बंद केली मी, तरी येत होता."

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली, मीही. पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "दिवसभर उभं राहून माझे पाय भरून येतात, वहिनी. वाटलं, माझ्या पोरीला तरी खुर्ची मिळावी."

पेढ्याची पुडी सोडता सोडता काकू थांबल्या. "आणि माझ्या पोराला नको होती?"

इतके दिवस मला पप्पांचा नुसता राग येत होता, आता वाईटही वाटलं. ते म्हणाले, "तो चांगला वेल्डर आहे, वहिनी."

"आहेच. म्हणून तर आले. उद्या सुट्टी टाका आणि हिला घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर निघाले. आयटीआयच्या खिडकीतल्या कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि विचारलं, "वडील काय करतात?" शाळेत दर वर्षी कुणी हे विचारलं की पप्पा खालच्या आवाजात "नोकरी" एवढंच सांगायचे. गल्लीभर लेथचे गोडवे गाणारा माणूस माझ्या बाईंसमोर तो शब्द कधी काढायचा नाही, आणि मला त्याचं कारण कधी कळलं नव्हतं.

"टर्नर," पप्पा म्हणाले, एवढ्या मोठ्यानं की मागे रांगेतली पोरं गप्प झाली.