नाक दाबलं की

"झोपले एकदाचे तुमचे दादा," वहिनी फोनवर एवढंच बोलली आणि फोन ठेवला... महिना झाला, ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

माझा थोरला भाऊ आमच्या गावी, शेणव्याला, वरातीची घोडी बाळगून होता. भातशेतीच्या आमच्या घरात घोडी हे त्याचंच खूळ. चारापाणी मात्र वहिनीच्या गळ्यात. नाव बिजली, पण महाभित्री. बँजोवाल्यांचा ढोल वाजला की घामाने निथळायची, आणि नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाडकडच्या वरातीत फटाक्यांची माळ तर हवीच. दादाचा उपाय घरगुती होता. तान्ह्या बाळाला झोपेसाठी सहाणेवर जायफळाचा एक वेढा उगाळून देतात, हिला पन्नास, गुळाच्या गोळ्यात कालवून. उगाळायची वहिनी. सहाणेचा आवाज आला की बिजली दावं ताणून मागे सरायची, तोंड घट्ट मिटून. मग दादा तिच्या नाकपुड्या दाबायचा. "नाक दाबलं का तोंड उघडतंय. म्हण काय उगाच नाय पडली." मीही हसायचो. खोटं कशाला सांगू, मजा वाटायची.

मुरबाडला एका दिवसात दोन वराती आल्या, म्हणून दोन गोळे. दुसऱ्या वरातीत ती नवरदेवासकट गुडघ्यांवर बसली, ती उठलीच नाही. दादाने आधी चाबूक ओढला, मग तोंडावर पाणी मारलं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "अहो, घोडा तोंडाने श्वास घेत नाही. नाक दाबून तुम्ही तिचा जीवच कोंडत होता."

"मंग तोंड कशाला उघडायची?"

"मरणाला भिऊन."

घरी येऊन दादाने हे सगळं वहिनीला नकलेसकट सांगितलं. ती रडली नाही. सहाण धुऊन कोनाड्यात ठेवली.

पुढे बऱ्याच वर्षांनी दादा अंथरुणाला खिळला, दिवसभर ओरडायचा. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी सहाण घेऊन बसली होती. जायफळ घासल्याचा आवाज आला तसा दादा भिंतीकडे सरकला, तोंड मिटून. वहिनीने शांतपणे त्याचं नाक चिमटीत धरलं. तोंड उघडलं... मी दारात उभा होतो. दादावर माझा जीव होता, तरी बोललो नाही.

परवा शेणव्याला गेलो. सहाण ओट्यावरच होती, मधे खळगा पडलेली. बोलता बोलता म्हटलं, "वहिनी, हल्ली झोप लागत नाही."

तिने सहाण पुढे ओढली. "किती वेढे देऊ, भावजी?"

मी तोंड घट्ट मिटून घेतलं.