पूर्ण व्होल्टेज

अड्याळच्या लक्ष्मणरावांनी विजेच्या कचेरीला आयुष्यात जेवढे अर्ज लिहिले, तेवढी पत्रं त्यांनी रुखमिणीबाईंना लग्नाआधी लिहिली असती, तर त्या एवढ्या तुटक बोलल्या नसत्या. सगळ्या अर्जांचा विषय एकच, कमी व्होल्टेज. धानाच्या पाण्यासाठी मोटरी सुरू झाल्या, की गावातले बल्ब पिकल्या आंब्याच्या रंगाचे होत.

लक्ष्मणरावांचा शेतीशी संबंध जेवणापुरता. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. व्होल्टेज त्यांना हवं होतं ते ट्रान्समीटरसाठी. तरुणपणी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि भंगारातून काचेच्या वॉल्व्हचा एक लोखंडी सेट आणला. वजन आणि स्वभाव रेड्याचा. रोज संध्याकाळी त्यावरून ते गोंदियाच्या केशवरावांशी आणि आणखी तिघा-चौघा म्हाताऱ्यांशी बोलत. बाकीच्यांचे सेट नवे, हलके, जपानी. "खेळणे आहेत तुमचे," लक्ष्मणराव रोज हवेतून ऐकवत. "माझा सेट मी असेपर्यंत बंद पडत नाही." हे वाक्य पुढे त्यांना फार महाग पडलं.

सेटच्या पाठीमागे एक बटन होतं. त्यावर तीन आकडे, दोनशे, दोनशे वीस, दोनशे पन्नास. घरात वीज किती येते, ते आतल्या ट्रान्सफॉर्मरला या बटनानं सांगायचं. अड्याळची वीज ओळखून लक्ष्मणरावांनी ते फार पूर्वी दोनशेवर ठेवलं होतं, आणि देवघरातल्या मूर्तीसारखं पुन्हा हलवलं नव्हतं.

मग एके दिवशी अर्जांना यश आलं. गावात नवीन डीपी, म्हणजे विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर, बसला. लाईनमननं नारळ लक्ष्मणरावांच्याच हातून फोडून घेतला. घरी येऊन पाहतात तर बल्ब चांदण्यासारखा पांढरा. त्यांनी सेट लावला आणि केशवरावांना अभिमानानं सांगितलं, "आमच्या गावात आजपासून पूर्ण व्होल्टेज..."

वाक्य तिथंच संपलं. आधी सेट गुरगुरला, मग धूर आला, मग ट्रान्सफॉर्मरमधलं डांबर वितळून खालच्या धानाच्या पोत्यावर टपटप गळलं. बटन दोनशे म्हणत होतं आणि तारेतून अडीचशे येत होते.

रुखमिणीबाई दारात उभ्या होत्या. "गावातला डीपी बसला, घरातला गेला," त्या म्हणाल्या आणि पोतं ओढायला लागल्या.

ट्रान्सफॉर्मर पिशवीत घालून लक्ष्मणराव भुपेंद्रच्या दुकानात गेले. भुपेंद्र जळलेल्या मोटरी भरून देई, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळी. त्याचं दुकान कमी व्होल्टेजवरच उभं होतं. आता तो माशा मारत बसला होता.

"काकाजी, तुमच्या अर्जानं माझा धंदा बसवला," तो म्हणाला. "गावात कोणाचीच मोटर जळून नाही राहिली. गिऱ्हाईक म्हणून तुमीच एक आले."

"भरून देशील का नाही?"

"देतो ना. पण तार नागपूरवरून येते, तिले टाईम लागन. किती व्होल्टवर भरू? पहिल्यासारखे तीन ठेवू?"

"एकच ठेव. अडीचशे. बटन असलं की माणसाचा हात नको तिथं जाते."

तार यायला उशीर झाला. लक्ष्मणरावांचा रिसीव्हर वेगळा होता आणि तो ठणठणीत होता. म्हणजे ऐकू सगळं येई, बोलता काहीच येत नसे. रुखमिणीबाईंच्या मते संसारात हा अनुभव त्यांनाही होता.

पहिले काही दिवस हवेत लक्ष्मणरावांची नुसती चौकशी झाली. मग एका संध्याकाळी केशवरावांचा आवाज जड झाला. "तो म्हणत होता ना, मी असेपर्यंत सेट बंद पडत नाही. सेट तर बंद आहे." मग कोणीतरी हळूच विचारलं, "त्याच्या सेटचं आता काय होईल हो?" सगळ्यांनीच तो आठवण म्हणून जपायची तयारी दाखवली. आयुष्यभर खेळणी वापरणारे हे लोक.

"मोबाईलवर फोन लावा न," रुखमिणीबाई म्हणाल्या. "जिवंत आहो म्हणून सांगा."

"सेट जळला म्हणून सांगू?"

"मंग मेलेच राहा." त्या भाजी चिरायला गेल्या.

केशवरावांनी रविवारी अड्याळला भेटायला येण्याचं हवेतच ठरवलं. हार घेऊन. हे ऐकून लक्ष्मणराव भुपेंद्रच्या दुकानात जाऊन बसले, ते ट्रान्सफॉर्मर घेऊनच उठले.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सेट लावला. बल्ब पुन्हा पिवळा होता. चांगली वीज आली म्हणून गावानं मोठ्या मोटरी बसवल्या होत्या, आणि उन्हाळी धानाला सगळ्यांचं पाणी एकदमच सुरू होतं. अडीचशेच्या ट्रान्सफॉर्मरला दोनशेसुद्धा मिळत नव्हते. वॉल्व्ह कसेबसे लाल झाले. पाठीमागं फिरवायला आता बटनही नव्हतं.

"केशवराव, मी लक्ष्मण बोलून राहिलो."

खरखरीतून केशवराव फार सांभाळून म्हणाले, "आवाज लय दुरून येऊन राहिला, लक्ष्मणराव. कुठून बोलता?"

"अड्याळवरून," लक्ष्मणराव ओरडले. शेजारच्या अंगणातल्या गायीनं मान वळवली.

"अन् इतके दिवस काहून बंद होते?"

लक्ष्मणरावांनी बल्बाकडे पाहिलं. रुखमिणीबाई विळीवरून ऐकत होत्या.

"इकडं व्होल्टेज चांगलं आलं होतं."

"अन् आता?"

"आता गेलं. आता रोज येईन."