छर्रेकाकांची मोकळी नळी

ये, अशी जवळ बस. दारातूनच चौकशी करून निघायची तुझी ही सवय मला मुळीच आवडत नाही. चहा होईपर्यंत आमच्या छर्रेकाकांचं सांगते.

काका वर्तमानपत्र उन्हाकडे धरून वाचायचे, आणि तेही अक्षरं नव्हे, भोकं. भिंगारला आमच्या शेजारीच राहायचे. लष्करातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, मुलगा लांब जमशेदपूरला. एकाहत्तरची लढाई होऊन गेली तरी आमचे हे सीमेवरच. म्हणजे भिंतीच्या अलीकडे मी एकटी, पलीकडे काका एकटे. खिशात कायम बंदुकीचे छर्रे खुळखुळायचे, म्हणून पोरांनी ते नाव पाडलेलं.

दर रविवारी ते माळावर जायचे. तिथे यंत्रातून मातीच्या चकत्या हवेत उडवत आणि ही मंडळी त्या बंदुकीने फोडत. आठवड्यात काकांना माणसं भेटत ती तेवढीच.

बंदुकीची नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते, त्याला चोक म्हणायचे. काकांची चांगलीच आवळलेली. "यातून छर्रे मुठीसारखे एकत्र जातात," ते सांगत. "लांबची चकतीही फुटते, पण मूठ नेमकी बसायला हवी. मोकळ्या नळीचे लवकर पसरतात. जवळच्याला बरे, नेम थोडा हुकला तरी चालतो." मोकळी नळी वापरणाऱ्यांना ते चिडवायचे, "चकती फोडताय की पाणी शिंपडताय?"

मग काकांच्याच चकत्या अख्ख्या खाली पडू लागल्या. कुणीतरी विचारलं, "काका, आज छर्रे घरीच राहिले का?" त्यानंतर त्यांनी रविवार चुकवायला सुरुवात केली. "नळी बिघडलीय," म्हणायचे. मग नळी तपासायला मी खळ शिजवली, वर्तमानपत्रं जोडून मोठाले कागद केले, प्रत्येकावर मधोमध काजळाचा ठिपका काढला. त्यांवर बार काढून काका परत आले आणि अंगणात एकेक कागद उन्हात धरला. भोकांचा घोस दरवेळी छान दाट, पण एकावर ठिपक्याच्या डावीकडे, दुसऱ्यावर पार वर.

"नळी तर बरी आहे, काका," मी म्हणाले.

त्यांनी कागदांची घडी घातली. "दिसतंय मला. आता तेवढंच नीट दिसतंय."

नगरच्या कारागिराकडून त्यांनी नळी आतून खरवडून मोकळी करून घेतली. तो म्हणाला होता, "बघा हं, काढलेलं पोलाद परत बसवता येत नाही." काका म्हणाले, "मला रविवार हवाय. खरवड."

नव्या कागदावर सडा घातल्यासारखी भोकं पसरली, आणि ठिपका त्यांत सापडला. माळावर जवळच्या चकत्या फुटल्या. त्यांचंच वाक्य कुणी त्यांना ऐकवलं, "काय काका, पाणी शिंपडताय?"

"शिंपडतोय," काका म्हणाले. "उन्हाळा आहे."

हे मला भिंतीवरून सांगताना किती हसले होते.

लांबच्या चकत्या मात्र छर्ऱ्यांमधल्या फटींतून निसटायच्या. पुढे जवळच्याही दिसेनाशा झाल्या. मग मुलगा येऊन घेऊन गेला. टांग्यात बसताना म्हणाले, "लांब गेलेलं या नळीला सापडत नाही, पोरी. जवळ आहे तोवरच काय ते." नंतर कित्येक रविवार मी भिंतीपाशी कान देऊन उभी राहायचे. खुळखुळ नाही, काही नाही.

तो शेवटचा कागद अजून माझ्या फडताळात आहे. उन्हात धरला की फरशीवर उजेडाचे ठिपके पडतात. पण एकटीने धरायचं आणि एकटीनेच बघायचं, जमत नाही गं. तू येत्या रविवारी ये. आणि दारातून नको, आत ये.